हत्ती स्वस्त, वैरण महाग

लग्नसराईत अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्यात वरात निघते तेव्हा ऊन कललेलं असलं तरी पारा चाळिशीच्या खाली आलेला नसतो. पुढे बँड, बँडसमोर नाचणारी पोरं, मागे बायका आणि या सगळ्यांच्या मधोमध झेंडूच्या माळांनी मढवलेली पांढरी ऑडी. पाटीवर एमएच-०२, म्हणजे पासिंग अंधेरीचं. नवरदेव आत, एसी चालू आणि गाडी मुंगीच्या पावलांनी. रेडिएटरचा पंखा थांबायचं नाव घेत नाही. नवरदेवाला कसली घाई नसते, पण चालकाचा एक डोळा सारखा तापमानाच्या खुणेवर असतो. पुढच्या चौकात पोरांनी आणखी एक गाणं लावायला सांगितलं की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

अशी गाडी दहा-बारा वर्षांपूर्वी मुंबईतल्या शोरूममधून तीस-पस्तीस लाखांना बाहेर पडलेली असते. परतवाड्यात ती सहा-सात लाखांत येते, म्हणजे नव्या छोट्या हॅचबॅकच्या भावात. संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हाती आले की अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शीकडच्या तरुण बागाईतदाराच्या मोबाइलवर अशा गाड्यांचे फोटो फिरू लागतात. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, जॅग्वार, 'शोरूम मेंटेन, सिंगल हँड, फक्त ५८ हजार चाललेली'. त्याच पैशात नवी वॅगन आर घ्यायची की जुनी मर्सिडीज, हा प्रश्न पूर्वी गमतीचा होता. आता तो खरोखर विचारला जातो.

उत्तराकडे जाण्याआधी या गाड्या इतक्या उतरतात का, ते पाहायला हवं.

महागड्या गाड्यांच्या खरेदीचा महाराष्ट्रातला सगळ्यात गाजलेला प्रसंग ऑक्टोबर २०१० मधला. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या. एकूण मोल सुमारे ६५ कोटी रुपये. भागाकार केला तर गाडीमागे ४३ लाख. स्टेट बँकेने त्यासाठी ७ टक्के व्याजाने कर्ज दिलं होतं. त्याच डिसेंबरात पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये त्या व्याजाशेजारी ट्रॅक्टरच्या कर्जाचं व्याज मांडून दाखवलं. ते १२ टक्क्यांच्या घरात होतं. देशभर त्या दीडशे गाड्यांची चर्चा झाली ती मराठवाड्याच्या ऐपतीची खूण म्हणून आणि त्या व्याजदरांमुळेही. पुढे त्या गाड्यांचं काय झालं, याची चर्चा मात्र कुणी केली नाही. बाजारात काय होतं ते ठरलेलं आहे.

विम्याचं कोष्टक पाहिलं तरी पहिला अंदाज येतो. गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, काढताना पहिल्या वर्षाच्या शेवटापर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घसारा धरतात. पाच वर्षांनंतर कोष्टक संपतं. तिथून पुढे कंपनी आणि मालक यांच्यात ठरेल ती किंमत. हे कोष्टक मारुतीलाही तेच आणि मर्सिडीजलाही तेच. बाजार मात्र दोघींना एका मापाने मोजत नाही. दहा-बारा वर्षांची टोयोटा फॉर्च्युनर आणि तिच्याच वयाची मर्सिडीज ई-क्लास शेजारी उभ्या केल्या, तर नवी असताना कितीतरी महाग असलेली ई-क्लास कित्येकदा फॉर्च्युनरपेक्षा कमी भावात जाते. अमरावतीच्या कुठल्याही ऑटो कन्सल्टंटला विचारावं. फॉर्च्युनरला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

कारण सरळ आहे. चाळीस-पन्नास लाखांची नवी गाडी घेणाऱ्याला जुनी गाडी नको असते. त्याला नवा आकार, नवा पडदा आणि शोरूममधला तो चावी हाती देण्याचा सोहळा हवा असतो. गाडी व्यवसायाच्या नावावर असेल तर ती दरसाल १५ टक्के घसाऱ्याने हिशेबाच्या वह्यांत लहान होत जाते, आणि चार-पाच वर्षांनी ती काढून नवी घेणं मालकाला जड जात नाही. उलट, ज्याला सहा लाखांची गाडी परवडते त्याला या गाडीचं दुरुस्तीचं बिल परवडत नाही. थोडक्यात, विकणारे पुष्कळ आणि पोसू शकणारे थोडे. भाव पडतो तो या दोघांमधल्या फटीत.

त्यात अलीकडे सरकारी निर्णयांचीही भर पडली. मोठ्या एसयूव्हींवर जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्क्यांपर्यंत कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि दर सरसकट ४० टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीलाही खाली यावंच लागतं. त्याआधी, २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांच्या विक्रीवर सरसकट १८ टक्के दर ठरवला, तेव्हा बराच गोंधळ उडाला. गाडी तोट्यात विकली तरी कर भरावा लागणार, अशी आवई उठली. प्रत्यक्षात तो कर नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर आहे. त्याने सहा लाखांना घेतलेली गाडी सात लाखांना विकली तर एका लाखावर १८ हजार. एका खासगी मालकाने दुसऱ्याला विकली तर काहीच नाही.

मुंबई-पुण्याच्या गाड्या वऱ्हाडात येण्यात अडचण फारशी नसते. राज्य एकच, कर एकदाच भरलेला, त्यामुळे एमएच-०२ किंवा एमएच-१२ ची पाटी तशीच राहते आणि नावांतरण एमएच-२७ ला, म्हणजे अमरावतीला, होतं. खरी स्वस्ताई दिल्ली-गुरुग्रामची. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या बंदीची अंमलबजावणी पुढे कधी कडक, कधी सैल होत राहिली, पण आठ-नऊ वर्षांची डिझेल गाडी दिल्लीत जवळ ठेवण्याची धास्ती गेली नाही. तोच माल ट्रेलरवर चढून दक्षिणेकडे येतो. महाराष्ट्रात तशी दहा वर्षांची अट नाही, आणि घेणारा इथेच भुलतो. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो, तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि वयाच्या हिशेबाने इथला कर भरावा लागतो. दिल्लीत वाचलेले लाखभर रुपये अमरावतीच्या आरटीओत आणि एजंटाच्या खिशात जाऊन संपल्याची उदाहरणं थोडी नाहीत.

कागदांच्या बाबतीत एक निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितलं की गाडी कितीही हातांतून पुढे गेली असो, आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. 'टीटी फॉर्मवर सही देतो, नाव नंतर करून घ्या' हा आपल्याकडचा लाडका व्यवहार विकणाऱ्याच्या गळ्यात फास अडकवतो. घेणाऱ्यालाही तो सोयीचा नाहीच. विमा आपल्या नावावर करायला त्याला १४ दिवस मिळतात. तेवढ्यात तो झाला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

आता वैरणीकडे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. सहा लाखांना घेतलेल्या गाडीचं हेडलाइट ती चाळीस लाखांची असताना ज्या भावाने मिळायचं, त्याच भावाने आजही मिळतं, उलट थोडं चढ्यानेच. 'कोंबडी चार आण्याची आणि मसाला बारा आण्याचा' ही म्हण मोटारी येण्याच्या आधीची असावी, पण इतकी चपखल दुसरीकडे कुठे बसत नाही.

उदाहरणंच द्यायची तर बीएमडब्ल्यूचं एन४७ हे डिझेल इंजिन घ्यावं. २००७ नंतरच्या ३२०डी आणि ५२०डी गाड्यांत ते होतं. ताकद भरपूर, डिझेल कमी, चालवायला सुखद. पण त्याची टायमिंग चेन इंजिनच्या पुढच्या बाजूला नसून मागे, गीअरबॉक्सच्या अंगाला आहे. सुरुवातीच्या इंजिनांमध्ये ही चेन सैल पडण्याची, तुटण्याची तक्रार जगभर झाली. चेन तशी फार महाग नाही, पण तिच्यापर्यंत हात पोचायला इंजिन किंवा गीअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. बिल चेनचं येत नाही, त्या उतरवण्याचं येतं.

दुसरं उदाहरण स्कोडा सुपर्बचं. २००९ मध्ये आलेली ही गाडी वीस लाखांच्या घरात होती आणि मागच्या बाकावरची तिची ऐसपैस जागा पाहून भलेभले विरघळले. तिच्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये सात गतींचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गीअरबॉक्स होता. उष्ण हवा, सारखं थांबणं-निघणं, वरातीसारखं रांगणं हे त्याला मानवत नाही. त्याचा मेकॅट्रॉनिक नावाचा भाग, म्हणजे गीअरबॉक्सचा मेंदू आणि हायड्रॉलिक हात एकत्र, दगा देतो. डीएसजीच्या दोषापायी २०१३ मध्ये स्कोडाची मालक असलेल्या फोक्सवॅगनला चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आज सुपर्बच्या जाहिरातीत 'मेकॅट्रॉनिक नवीन टाकलं' असं वाक्य दिसलं तर विकणाऱ्याने ते बढाई म्हणून लिहिलेलं नसतं. गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं, म्हणून लिहिलेलं असतं.

मर्सिडीज आणि ऑडीच्या वरच्या मॉडेलांत स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर चालणारं सस्पेन्शन असतं. रबर म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखं असतं, वय झालं की कुरकुरतंच. रात्री अंगणात सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका चाकावर बसलेली दिसली की मालकाची सकाळ कशी जाते हे सांगायला नको.

विम्याचा एक खोडा तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता इंजिनच्या सीसीवर ठरतो. १५०० सीसीच्या वरच्या कुठल्याही खासगी गाडीला वर्षाला ७,८९७ रुपये, मग ती स्कॉर्पिओ असो की बीएमडब्ल्यू. इथवर आनंद आहे. पण गाडीची आयडीव्ही सहा लाख आणि अपघातात दोन हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर, एअरबॅग गेल्या तर दुरुस्तीचा अंदाज बघता बघता साडेचार लाखांवर जातो. आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर खर्च गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते. चालती-बोलती, इंजिन शाबूत असलेली गाडी एका नीलगाईच्या धडकेत भंगारात जमा. परतवाडा-धारणी रस्त्याने रात्री येणाऱ्यांना ही नीलगाय कल्पनेतली वाटणार नाही.

यात परतवाड्याला लागूनच असलेल्या अचलपूरचं अंतर मिळवावं लागतं. इथून अमरावती ५० किलोमीटर, अमरावतीहून नागपूर दीडशे. जर्मन गाड्यांचा अधिकृत वर्कशॉप गाठायचा तर नागपूर. म्हणजे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की दोनशे किलोमीटर जायचं आणि तितकंच यायचं. गाडी चालण्याच्या स्थितीत नसेल तर फ्लॅटबेड क्रेनवर घालून न्यायची, कारण ऑटोमॅटिक गाडी दोर बांधून ओढली की गीअरबॉक्सच्या जिवावर येतं. परतवाड्याच्या गॅरेजवाल्यांचं याबाबतचं मत दोन वाक्यांत मावतं : "भाऊ, घ्याले काई लागत नाई. पोसाले लागते."

या गॅरेजवाल्यांचा हात हलका समजू नये. वऱ्हाडाला जुनं यंत्र चालतं ठेवण्याची सवय आहे. अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या शकुंतला रेल्वेला मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेलं वाफेचं इंजिन होतं आणि ते १९९४ पर्यंत ओढत राहिलं. जीप, अ‍ॅम्बेसेडर, कॉन्टेसा या गाड्यांचं कुठलंही दुखणं लेथवर आणि वेल्डिंगवर बरं होत असे. ऐंशीच्या दशकातली कॉन्टेसा तिच्या काळात साहेबी गाडी होती. तीही पुढे मातीमोल भावात खेड्यापाड्यांत आली आणि चालली, कारण तिला समजून घ्यायला डोळे आणि पाना पुरेसे होते. आजच्या महागड्या गाडीत दार बंद झालं की नाही हे सांगायला संगणक आहे, खिडकीला वेगळा, सीटला वेगळा. नवीन बॅटरी टाकली तरी काही गाड्यांत तिची नोंद स्कॅनर लावून करावी लागते. चावी हरवली तर कुलूपवाला कामाचा नाही. हाताच्या कौशल्याला दाद न देणारं हे यंत्र आहे, आणि कंपनीचा स्कॅनर नसेल तर हुशार मेकॅनिकही चाचपडतो.

रस्त्याचीही एक गोष्ट आहे. काळ्या मातीवर बांधलेला रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. वरून गुळगुळीत दिसला तरी त्याला लाटा असतात. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत रन-फ्लॅट टायर येतात. त्यांच्या भिंती कडक, आणि बहुतेकदा डिकीत स्टेपनी नाही. अचलपुरातल्या दुल्हा दरवाजाजवळच्या गल्ल्यांत ही गाडी वळवणं हा एक कार्यक्रम आणि तिचं पोट स्पीडब्रेकरला घासण्याचा आवाज हा दुसरा. मेच्या उन्हात इंजिनभोवतीचे प्लॅस्टिकचे पाइप, कूलंटच्या टाक्या ठिसूळ होतात. युरोपातल्या हवेसाठी आखलेल्या भागांना ४५ अंशांची सवय नाही. समृद्धी महामार्गावर ही गाडी खरी खुलते. पण तिथवर अचलपुरातून आधी पोचावं लागतं.

एवढं सगळं असूनही माणूस घेतोच, तर काय पाहून घ्यावं? बैलबाजारात वऱ्हाडी शेतकरी हेड्याच्या शब्दावर जात नाही. बैलाचं तोंड उघडून दात मोजतो, आदत की दोन दाती की जुळलेला हे ठरवतो, चालवून पाहतो, खांदा चाचपतो. लाखाच्या जोडीला जी सावधगिरी, ती सात लाखांच्या गाडीला दाखवायला लाज कसली? गाडीचे दात म्हणजे तिचं मीटर, आणि ते घासून लहान करता येतं. मीटर पाडणारे कारागीर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. पण महागड्या गाड्यांत चाललेले किलोमीटर एकाहून जास्त ठिकाणी नोंदलेले असतात, गीअरबॉक्सच्या संगणकात, चावीत, सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत. ५८ हजार चाललेल्या गाडीचं स्टीअरिंग गुळगुळीत झालेलं आणि ब्रेकचं पॅडल झिजलेलं असेल तर स्कॅनर लावण्याआधीच उत्तर मिळालेलं आहे. बॉनेटच्या बिजागरीचे नट फिरवलेले दिसले, दाराच्या रबराखालच्या पिलरवर कंपनीचे गोल स्पॉटवेल्ड नसले, की गाडी कधीतरी उघडून जोडलेली आहे.

पुरातल्या गाड्यांना मात्र विशेष जपावं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१५ आणि २०२३ च्या डिसेंबरांत चेन्नई बुडाली. अशा पुरात विमा कंपन्या ज्या गाड्या टोटल लॉस धरतात, त्या लिलावात जातात, धुऊन-पुसून दूरच्या बाजारात उभ्या राहतात. सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का पाहावं, सीटखालची पट्टी गंजली आहे का पाहावं, आणि अत्तराचा वास जरा जास्तच येत असेल तर तो कसला वास झाकायला आहे ते विचारावं.

सगळ्याच उतरलेल्या गाड्या पांढरे हत्ती नसतात, हेही खरं. होंडा अकॉर्ड आणि सीआर-व्ही, टोयोटा कॅमरी या जपानी गाड्या एके काळी वीस-पंचवीस लाखांच्या होत्या. त्यांची इंजिनं साधी आणि दीर्घायुषी. पेट्रोल जास्त खातात, ही त्यांची एकच खोड. अकॉर्ड-सीआर-व्हीच्या काही वर्षांच्या गाड्यांना टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे परत बोलावलं गेलं होतं. तो भाग कंपनी फुकट बदलून देते, मालक पहिला असो की चौथा, म्हणून चेसिस नंबर टाकून ते आधी तपासावं. छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात २००१ पासून जुळवलेली पहिली ऑक्टाव्हिया, मॅन्युअल डिझेल, आजही चांगल्या स्थितीत सापडते आणि तिचं इंजिन समजणारे मेकॅनिक अमरावती-अकोल्यात आहेत. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, तरी एंडेव्हरचा भाव टिकून आहे. त्याउलट शेवरोलेने २०१७ अखेर विक्री थांबवली आणि कॅप्टिव्हाला कुणी विचारीना. दोन्ही कंपन्या गेल्या, पण एका गाडीवर लोकांचा विश्वास होता.

वरातीच्या ऑडीकडे शेवटी यायलाच हवं, कारण परतवाडा-अमरावतीत अशा गाड्या घेण्यामागे हा धंदाही आहे. लग्नाच्या दिवसाचं चांगलं भाडं मिळतं आणि हिशेब कागदावर फार गोड दिसतो. पण पांढऱ्या पाटीची खासगी गाडी परमिटशिवाय भाड्याने चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ चा भंग आहे. पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद. त्याहून मोठी गोम अशी की भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि वरात म्हणजे गाडीच्या पुढे-मागे पन्नास माणसं.

त्या दीडशे मर्सिडीजची पंधरा वर्षांची नोंदणी २०२५ च्या अखेरीस संपत आली. पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरणाला देशी जुळणीच्या गाडीला ५ हजार रुपये, शिवाय पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणी. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाडीला हेच शुल्क १० हजार आहे. तेव्हा पंधराव्या वर्षाच्या तोंडावर असलेली ई-क्लास तीन-चार लाखांत दिसू लागली तर नवल मानू नये. मात्र अचलपुरात बसून सहा लाखांची जर्मन गाडी घ्यायची असेल तर आणखी तीन लाख बाजूला काढलेले हवेत, घरात रोजच्या कामाला दुसरी गाडी हवी आणि नागपुरात ओळखीचा मेकॅनिक हवा. यातलं एक जरी नसेल तर ते सहा लाख घेऊन जुन्या इनोव्हाकडे वळावं. तिचा मेकॅनिक परतवाड्यातच आहे.